टाकलेली की सोडून गेलेली?



मागे आमच्या गटात कर्जाचे फॉर्म भरत होतो, तेव्हा एक बाई एका रकान्याशी अडली. रकाना होता वैवाहिक स्थितीचा. पुढं चार चौकटी : अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. या बाईला चौदा वर्षांपूर्वी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा न्यायला कोणी आलं नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, मी यात कुठं बसते?" एकीनं सांगितलं, विवाहित लिही. दुसरी म्हणाली, मग नवऱ्याची सही मागतील. बराच वेळ वाद झाला, पण तिची चौकट काही सापडली नाही.

अशा बाईसाठी आपल्या बोलीत शब्द मात्र भरपूर आहेत. टाकलेली, सोडलेली, माहेरी बसलेली, आणि पुस्तकी भाषेत परित्यक्ता. शब्द आहे, पण कागद नाही. हा कागद पूर्वी कोण देत होतं, तो कोणी काढून घेतला आणि परत कसा आला, याची गोष्ट आज सांगते. गोष्ट जुनी आहे, पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात ती आजही चालू आहे.

सुरुवात शब्दांपासूनच करू. काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि नातं तुटलं असं समजायचं. सोडचिठ्ठी म्हणजे सोडल्याची चिठ्ठी. फारकत हा शब्द मूळचा देण्याघेण्यातला. हिशेब मिटला, आता एकमेकांकडं काही मागणं नाही, असं लिहून देण्याचा कागद म्हणजे फारखत. आणि आज कोर्टात चालतो तो घटस्फोट हा शब्द तर भलत्याच ठिकाणाहून आला आहे. धर्मशास्त्रात पापी ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर टाकताना पाण्याचा घट लवंडायचा किंवा फोडायचा विधी होता, त्याला घटस्फोट म्हणत. म्हणजे माणूस वाळीत टाकण्याचा शब्द आपण लग्न मोडण्याला लावला. मला तर काडीमोड हा शब्द जास्त शहाणा वाटतो. काडी मोडली, विषय संपला, त्यात कोणी पापी ठरत नाही.

आपल्याला सांगितलं जातं की हिंदूंमध्ये लग्न सात जन्मांचं, ते मोडायचं फॅड शहरातून आलं. हे खरं नाही. शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींमध्ये सोडचिठ्ठी आणि त्यानंतर बाईचा पाट लावणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं. काही भागांत त्याला मोहतूर म्हणत. पेशवाईत अशा दुसऱ्या लग्नावर पाटदाम नावाचा करसुद्धा होता. ज्यावर सरकार कर घेतं ती गोष्ट चोरून होत नसते. जुन्या ग्रंथांतही नवरा परागंदा झाला तर बायकोनं किती वर्षं वाट पाहायची याचा हिशेब आहे. नारदस्मृतीत ब्राह्मण बाईला आठ वर्षं सांगितली आहेत, मूल नसेल तर चार. पुढं वरच्या जातींनी ते गुंडाळून ठेवलं आणि आपल्या घरातली रीत म्हणजेच सगळ्यांचा धर्म असं ठरवून टाकलं.

जातपंचायत फार चांगली होती असं मात्र मी म्हणणार नाही. तिथं बसायचे सगळे पुरुष. चिठ्ठी बहुतेक वेळा नवऱ्याच्या मर्जीनं मिळायची, आणि ती देताना तो पैसेही मागायचा. पण निदान एक दार होतं. नवरा नांदवत नाही असं चार माणसांसमोर सांगितलं, तर कधीकधी सुटका व्हायची.

इंग्रजांच्या कोर्टानं हे दार बरंचसं लावून घेतलं. १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या कलम ४९४ प्रमाणं नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न केलं, आणि ते पहिल्यामुळं रद्दबातल ठरत असेल, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. आता गंमत बघा. त्या काळी हिंदू पुरुषाला कितीही बायका करायची मुभा होती, त्यामुळं त्याचं दुसरं लग्न रद्दबातल ठरतच नव्हतं. कलम लागायचं ते बाईला. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका खटल्यात सांगितलं की लग्न मोडल्याचं जाहीर करायचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार कोर्ट मानत नाही. जातीनं परवानगी दिली म्हणून आम्ही भाबडेपणानं लग्न केलं, हा बचावही चालला नाही. नवऱ्यानं स्वतःहून सोडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्या नवऱ्यानं नांदवायचंही नाही आणि सोडायचंही नाही असं ठरवलं, त्याच्या बायकोला कुठंच जागा उरली नाही.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडं त्या कधी नांदायला गेल्या नव्हत्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यानं बायकोला माझ्या घरी पाठवा म्हणून दावा लावला. पहिल्या न्यायाधीशानं तो फेटाळला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. विलायतेच्या राणीनं त्यांचं लग्न मोडून दिलं अशी एक कथा सांगतात, ती खरी नाही. पैसे देऊन त्या सुटल्या, पण कोर्टानं लग्न मोडलं नव्हतं. पुढं त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटकडं बायकांचे दवाखाने सांभाळले. दोन हजार रुपये तेव्हा किती बायकांकडं असतील, हे तुम्हीच मनात धरा.

नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगाची धमकी, आणि बायकोला उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या नवऱ्याला काय? फौजदारी कायद्यात थोडीफार पोटगी मागता येत होती, तेवढंच. लग्नातून मोकळीक नाही.

दुसऱ्या धर्मांच्या कायद्यात हे आधी आलं. पारशांच्या १९३६ च्या कायद्यात तीन वर्षं टाकून दिलं तर घटस्फोट होता. मुसलमान बायकांना १९३९ च्या कायद्यानं हक्क मिळाला. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल किंवा त्यानं दोन वर्षं खर्चाला दिलं नसेल, तर ती कोर्टातून लग्न मोडून घेऊ शकते. हे आपल्या मुस्लिम मैत्रिणींनाही पुष्कळदा माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. ख्रिश्चन बायकांचे मात्र हाल झाले. १८६९ च्या कायद्यात नवऱ्यानं टाकलं एवढं पुरत नव्हतं, त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ती अट २००१ मध्ये गेली.

हिंदूंमध्ये पहिली पावलं संस्थानांनी टाकली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास काडीमोडीचा कायदा केला आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धही कायदा केला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. सयाजीराव म्हणजे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग १९४६ मध्ये मुंबई राज्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली, आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की सलग चार वर्षं टाकून दिलं असेल तर लग्न मोडता येईल.

आता टाकून देणं म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न याच कायद्याखाली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. हे प्रकरण जरा सावकाश सांगते, कारण आजही वकील त्याचाच आधार घेतात, आणि त्यातली बाई आपल्या जळगावची माहेरवाशीण होती.

लग्न १९४२ चं. नवरा मुंबईत कापडाच्या व्यवहारात, एक मूल झालेलं. १९४७ च्या सुरुवातीला नवरा कामासाठी विलायतेला गेला. परत आला तेव्हा बायकोनं त्याच्या एका मित्राला लिहिलेलं पत्र त्याच्या हाती पडलं. त्यानं जाब विचारला. मे महिन्यात ती जळगावला माहेरी निघून गेली. जुलैत नवऱ्यानं वकिलाकडून नोटीस पाठवली. तिच्या वागणुकीवर आरोप होते, आणि मी तुला यापुढं सांभाळायला तयार नाही असंही होतं. नंतर तिच्या वडिलांनी तार केली की मुलीला पाठवतो आहे. नवऱ्यानं उलट तार केली, पाठवू नका. मधल्या काळात ती गुजरातेतल्या पाटणला सासूकडं जाऊनही राहिली, की मन बदललं तर बदलेल. आणि चार वर्षं भरल्यावर, १९५१ मध्ये, नवऱ्यानं दावा लावला की बायकोनं मला टाकलं आहे, मला घटस्फोट द्या.

पहिल्या कोर्टानं दिलासुद्धा. हायकोर्टानं तो फिरवला, आणि १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचं बरोबर ठरवलं. कोर्टाचं म्हणणं सोप्या शब्दांत असं : नुसतं दूर राहणं म्हणजे टाकणं नाही. दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, वेगळं राहणं. दुसरी, आता कायमचं नांदायचं नाही असा मनाचा निश्चय. आणि ज्याला टाकलं तो म्हणतो, त्यानं जायला संमती दिलेली नसावी, जायला भाग पाडलेलं नसावं. ती बाई शरमेनं निघून गेली असेल, पण परत यायला तयार होती. दार नवऱ्यानं लावलं होतं. वर्षं चार झाली होती खरी, पण तिनं टाकलं असं त्यामुळं होत नाही.

याच विचाराची दुसरी बाजूही कोर्टं मानतात. नवऱ्यानं मारहाण केली, उपाशी ठेवलं, दुसरी घरात आणून बसवली, आणि बाई जीव वाचवायला माहेरी आली, तर घर सोडलं तिनं, पण टाकलं नवऱ्यानं. उंबरा कोणाच्या पायानं ओलांडला एवढंच बघायचं नसतं. बाईला कोणी उंबऱ्याबाहेर ढकललं तेही बघायचं असतं.

दिल्लीत दरम्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. घटस्फोटानं धर्म बुडेल असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं की हिंदूंमधला फार मोठा भाग शूद्र मानलेल्या जातींचा आहे आणि त्यांच्यात सोडचिठ्ठी पूर्वीपासून चालत आली आहे. म्हणजे आपल्या आज्यापणज्यांची रीतच त्यांनी पुरावा म्हणून मांडली. बिल रखडलं, १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढं १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. त्यात रूढीनं चालत आलेली काडीमोडही राखून ठेवली. पण ती रीत आपल्या समाजात जुनी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यामुळं शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर दोघांनी सही केली आणि सुटलो असं समजलं, तर ती मोठी चूक ठरू शकते. पुष्कळ बायका तशा कागदावर विसंबून राहतात आणि पुढं अडकतात.

१९५५ च्या कायद्यातही वाट लांबची होती. दोन वर्षं टाकलेलं असेल तर आधी कोर्टाच्या हुकमानं वेगळं राहायचं, आणि त्यानंतर दोन वर्षांत पुन्हा संसार सुरू झाला नाही तर घटस्फोट. १९७६ मध्ये ही दुहेरी वाट गेली. आता दावा लावण्याआधी सलग दोन वर्षं टाकलेलं असलं तर थेट घटस्फोट मागता येतो. जाणूनबुजून केलेली हेळसांडही त्यात धरली आहे. दोघंही राजी असतील तर एक वर्ष वेगळं राहून संमतीनं अर्ज करता येतो, ही सोयही त्याच वर्षीची.

मग कायदा असून आपल्या गावागावांत इतक्या बाया नुसत्याच बसून का आहेत? याचं उत्तर कोर्टात मिळालं नाही, ते बायांनीच दिलं. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली. अॅडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी ती घेतली. टाकलेल्या बाया उघडपणे एकत्र येऊन बोलल्या. विधवेला निदान सरकार ओळखतं, आम्हाला ते सुद्धा नाही, हे पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं बोललं गेलं. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, पोटगी, राहायला घर, हे प्रश्न तिथून राज्याच्या चर्चेत आले. २०११ च्या जनगणनेचा आकडा बघा. देशात घटस्फोट झालेल्या बाया नऊ लाखांच्या आसपास, आणि घटस्फोट न होता वेगळ्या राहणाऱ्या २३ लाखांहून जास्त. म्हणजे कागद मिळालेल्या एका बाईमागं कागद नसलेल्या दोनहून अधिक.

यातली खरी मेख अशी की पुरुषाला कागदाची निकड नसते. तो दुसरा संसार थाटतो आणि गाव गप्प बसतं. त्याच्यावर गुन्हा लावायचा तर दुसरं लग्न रीतीप्रमाणं लागलं हे सिद्ध करावं लागतं, आणि हार कोणी घातले हे सांगायला साक्षीदार पुढं येत नाहीत. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, दुसऱ्या लग्नाचे विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टानं १९६५ मध्ये नवऱ्याला सोडून दिलं.

मग काही वर्षांनी त्यालाच कागद हवासा होतो. जमिनीची वाटणी निघते, दुसरीची मुलं मोठी होतात, आणि टाकलेल्या बाईच्या माहेरी समन्स येतं की हिनंच मला टाकलं. पुष्कळ घरांत भाऊ सांगतो, घेऊ नको, परत पाठव. इथं घात होतो, मैत्रिणींनो. समन्स नाकारलं तरी ते मिळालं असंच धरतात, आणि बाई हजर नाही म्हणून एकतर्फी निकाल लागतो. समन्स घ्यायचं, तारीख बघायची आणि जायचं.

आता अलीकडची चर्चा. इतकी वर्षं वेगळे राहिलेत, कोणी कोणाला टाकलं ते कशाला उकरायचं, लग्न संपलं असं धरा, असा एक विचार आहे. विधी आयोगानं १९७८ मध्येच तशी शिफारस केली होती. तीन वर्षं वेगळं राहिलं तर घटस्फोट, असं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूरही केलं, पण लोकसभेत ते पार पडलं नाही. १ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न पुरतं कोलमडलं असेल तर आम्ही आमच्या खास अधिकारात ते मोडू शकतो. हा अधिकार खालच्या कोर्टांना नाही. मला स्वतःला या विचाराबद्दल दोन्ही वाटतं. जिला सुटायचं आहे तिला कोण दोषी हे पंधरा वर्षं शाबीत करत बसावं लागू नये. पण घर नाही, जमीन नाही, पोटगी नाही, आणि ज्यानं टाकलं त्यालाच वर्षं मोजून मोकळं केलं, तर तिच्या हातात काय राहिलं? त्या विधेयकात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यायची तरतूद होती, आणि वाद मुख्यतः त्यावरच झाला, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आणखी एक निकाल आला. नवरा ८९ वर्षांचा, बायको ८२ वर्षांची, लग्न १९६३ चं. त्याचं म्हणणं, बायकोनं १९८४ पासून मला टाकलं. तिचं म्हणणं, मला घटस्फोटित म्हणून मरायचं नाही. कोर्टानं तिचं ऐकलं आणि घटस्फोट नाकारला. तुमच्यापैकी काहीजणींना हे पटेल, काहीजणी म्हणतील चाळीस वर्षांनी काय राहिलं होतं. आमच्या गटात यावर चांगलंच भांडण झालं.

तर ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. २००३ पासून बाई स्वतः राहते त्या भागातल्या कोर्टात अर्ज करू शकते, नवऱ्याच्या जिल्ह्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. बाईला सरकारी मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं विचारायचं. दावा चालू असताना खर्चाला मागता येतं. पोटगीला पूर्वी पाचशे रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये देशभर उठली. आणि बायकोनंच टाकलं म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळाला, तरी घटस्फोटित बायको म्हणून ती पोटगी मागू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २००० मध्ये सांगितलं आहे. नांदायला जाते म्हणून पाठवलेली पत्रं, फोनवरचे मेसेज, मध्यस्थीची बैठक झाली असेल तर तिची तारीख आणि कोण हजर होतं ते, हे सगळं जपून ठेवा. जळगावच्या त्या बाईला तारेनं तारलं होतं.

आमच्या गटातल्या बाईनं त्या दिवशी शेवटी विवाहित या चौकटीत खूण केली. नवऱ्याच्या सहीच्या जागी तिनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, चौदा वर्षं नांदवत नाही. मॅनेजरनं फॉर्म परत पाठवला. मग आम्ही चौघी बँकेत गेलो, सरपंचांचा दाखला जोडला, कर्ज मिळालं. कोर्टात अर्ज करायचा की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. मुलीचं लग्न आधी होऊ दे, म्हणते.